उसने गहू

डिसेंबर लागला की आमच्या घरात दोन कामांची घाई उडते. गव्हाला पाणी द्यायचं आणि चांदणी करायची. पाण्याचं काम माझ्याकडं, कारण लाइट रात्रीची येते आणि थंडीत दारं धरायला आता पोरं तयार नसतात. चांदणीचं काम मात्र नातवंडांनी माझ्याकडून काढून घेतलंय. तालुक्याच्या बाजारात प्लॅस्टिकची आयती चांदणी मिळते, आत बल्ब लावला की झालं. आमच्या वेळी कळकाच्या कामट्या तासून, सुतळीनं बांधून, वर पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा. आत रॉकेलची चिमणी ठेवायची. वारा सुटला की चांदणी पेट घ्यायची आणि कुणीतरी ओरडायचं, "आरं, तारा जळाला, तारा जळाला!" दर नाताळाला एकतरी तारा जळायचाच.

शहरातले ओळखीचे लोक मला विचारतात, तुमच्या नाताळात नक्की करतात काय? त्यांच्या डोळ्यांपुढं केक असतो, लाल टोपीचा म्हातारा असतो. मी केक पहिल्यांदा खाल्ला तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. आमच्याकडं नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, घरातल्या हरभऱ्याच्या डाळीचे लाडू. पेटी, पखवाज आणि टाळ घेऊन रात्रभर घरोघरी भजनाची फेरी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आमच्या या नगर जिल्ह्यात राहून ख्रिस्ती भजनं लिहिली, अभंग लिहिले, त्यामुळं आमचा देव मराठीतच बोलतो. चर्चलाही आमची जुनी माणसं देऊळच म्हणायची. मी अजून म्हणतो.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले आणि पुढं वडाळ्याला त्यांचं ठाणं झालं. आमचा पणजा छप्पनच्या दुष्काळात पोरका झाला आणि मिशनच्या शाळेत जेवायला म्हणून गेला, तो तिथंच शिकला आणि ख्रिस्ती झाला. हे मी लपवत नाही. गावात आम्हाला लहानपणी ऐकवायचे, "तुम्ही खाण्यापायी बाटले." दादा, म्हणजे माझे वडील, त्यावर शांतपणे म्हणायचे, "खाण्यापायी गेलो हे खरं. पण जेवू घालणारा कोण होता आणि उपाशी ठेवणारा कोण, तेबी सांगा की." जमीन म्हणाल तर हाडोळ्याचा तीन एकराचा तुकडा, तोही खडकाळ. त्यावर आमचं आठ माणसांचं घर चालायचं.

देवळात नाताळाला गोठा मांडायचा असतो. बाळ येशू जन्मला तो गोठा. तो मांडायचं काम आमच्या घराकडं असायचं, कारण साधं होतं, आमच्याकडं खरी लाकडी गव्हाण होती. बाकीच्यांच्या गव्हाणी दगडामातीच्या, हलवता न येणाऱ्या. चोवीस तारखेला दुपारी आमच्या बैलांना जमिनीवर वैरण टाकायची आणि गव्हाण धुऊन देवळात न्यायची. पाच-सहा दिवसांनी ती परत आली की बैल तिच्याकडं अशी बघायचे, जणू ती सासरी जाऊन आलीय.

आईचा नाताळाचा एक नियम होता. गावाकडं फराळाचं ताट शेजारी दिलं की ते रिकामं परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीला आमच्याकडं चार ताटं यायची, नाताळाला आमची चार जायची. हिशेब सरळ. पण आई म्हणायची, "ह्यो तर बाजार झाला." म्हणून पहिलं ताट तिच्या हिशेबाबाहेरचं असायचं. जिथून काही परत येणार नाही अशा घरी ते जायचं. देवळामागं एक आंधळी म्हातारी राहायची, तिच्याकडं. नाहीतर डोंबाऱ्याची पालं पडलेली असली तर तिकडं. मेजवानी द्यायची तर परत बोलावू शकणार नाहीत अशांना बोलवा, असं येशूनं शिकवलंय, ते आईनं असं करंजीत बसवलं होतं. आई दुसरी शिकलेली. शास्त्र तिला ऐकून पाठ होतं.

आता 1972 सालचं सांगतो. तेव्हा मी बारा वर्षांचा, सातवीत. त्या वर्षी पाऊस आलाच नाही असं म्हटलं तरी चालेल. खरीप गेलं, रब्बीची पेर झाली नाही. विहिरीत उतरलं तर तळाचा दगड कोरडा लागायचा. आईदादा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, ती आम्ही पोरं फडक्यात बांधून आणायचो आणि वाटेतच निम्मी संपवायचो. रेशनला तांबडी मिलो मिळायची. परदेशातून आलेली ती जवारी. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला मिलो म्हणा, तो तोंड वाकडं करील.

मिशनकडूनही मदत आली. गव्हाची पोती, दुधाची पावडर, आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. गाठोड्यातून मला एक कोट मिळाला. जाड, तपकिरी, कुणा परदेशी मोठ्या माणसाचा असावा. बाह्या माझ्या बोटांच्या पुढं वीतभर लोंबायच्या. थंडी होती म्हणून घालून शाळेत गेलो. वर्गात एकजण म्हणाला, "पावडरवाला साहेब आला." सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी तो कोट घराबाहेर घातला नाही. रात्री मात्र तोच पांघरून झोपायचो. घेणाऱ्याचा हात कसा असतो ते मला त्या कोटानं शिकवलं. पुढं मी ते विसरलो, ती गोष्ट नंतर येईलच.

दादा मंडळीच्या पंचांत होते. धान्य वाटायची यादी त्यांच्याकडं. तिच्यावरून रोज भांडण. यादी ख्रिस्ती घरांचीच करायची की गावात जो उपाशी असेल त्याची? पाळकसाहेबांचं म्हणणं, भूक जात विचारत नाही. काही पंच म्हणायचे, आपल्याच घरांना पुरत नाही, त्यात गावानं आपल्यासाठी कधी काय केलं? दोन्ही बाजू मला तेव्हा बरोबर वाटायच्या, अजून वाटतात. शेवटी गावातली मजुरांची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची काही घरं यादीत घेतली. पण ज्या घराची गोष्ट सांगायचीय, ते घर कुठल्याच यादीत बसणारं नव्हतं.

वेशीजवळ एक वाडा होता. दगडी, दोन मजली, पुढं ओसरी. घर मोठं, पण वाटण्या होऊन, कोर्टकचेऱ्या होऊन आतून पोखरलेलं. थोरल्या बाई विधवा, मुलगा मुंबईला गिरणीत, सून आणि दोन नातवंडं इथं. त्यांची विहीर गावात सगळ्यात खोल. तिच्यावर आम्हाला पाणी शेंदायला बंदी होती. ख्रिस्ती झालो तरी गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. आमच्या बाया घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या, कुणी वरून ओतलं तर ओतलं. तर अशा घरातली बाई खडी फोडायला जाणार नाही. रेशनच्या रांगेत उभी राहणार नाही. मिशनच्या यादीत तर नाव मेलं तरी देणार नाही.

कामावरून परतताना आई त्या वाड्यावरून यायची. चोवीस तारखेला संध्याकाळी ती घरी आली आणि दादांना म्हणाली, "वाड्यातनं तीन दिस झाले, धूर निघत न्हाई."

दादा म्हणाले, "मुलगा पैसे धाडत आसंल."

"पैसे शिजवून खात न्हाईत. धूर न्हाई म्हणते मी."

घरात तेव्हा चार पायल्या गहू होते. मिशनचे नव्हेत, आमचेच. आदल्या सालचे, आईनं मडक्यात राख मिसळून नाताळासाठी जपलेले. महिनाभर मिलो खाताना आम्ही त्या मडक्याकडं बघूनच दिवस मोजत होतो. आईनं मडकं उपडं केलं, दोन पायल्या मापल्या, एका पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्या डोक्यावर ठेवली.

"वाड्यात जायचं. मागल्या दारानं. थोरल्या बाईंना म्हणायचं, आईनं मागं तुमच्याकडनं दोन पायल्या गहू उसने नेले व्हते, ते दिलेत. लई दिवस झाले, माफी करा म्हणावं."

मी म्हणालो, "आपण कधी नेले व्हते?"

"तुला काय करायचंय? सांगितलं तेवढं बोल."

मला रडू फुटलं. एक तर करंज्या गेल्या. आणि वर नाताळाच्या रात्री खोटं बोलायचं. रविवारच्या शाळेत खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते आम्हाला घोकून शिकवलं होतं. मी दादांकडं बघितलं. दादा कडक माणूस, देवळाचे पंच, खोट्याला कधी माफी नाही. पण दादा त्या वेळी चांदणीच्या कामट्या बांधत होते, त्यांनी मान वर केलीच नाही. मी कंदील उचलला तर आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"कंदील न्हाई न्यायचा."

"अंधार हाय."

"म्हणूनच."

वाट पायाखालची होती, पण त्या रात्री ती मला फार लांब वाटली. कुत्री अंगावर आली. वाड्याच्या मागल्या दाराची कडी वाजवली तर थोरल्या बाई स्वतः आल्या. आत दिवा नव्हता. मी पिशवी उंबऱ्याच्या अलीकडं ठेवली, कारण उंबऱ्यापलीकडं ठेवायची आम्हाला सवय नव्हती, आणि पढवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. त्या गप्प राहिल्या. इतका वेळ गप्प राहिल्या की मला वाटलं, आता पिशवी लाथाडतात. मग म्हणाल्या, "हां. आठवलं. दोन पायल्याच व्हते." आणि थोड्या वेळानं, "तुझ्या आईला म्हणावं, घाई नव्हती."

कोरडं धान्य कुणाच्याही घरचं चालतं, शिजवलेलं चालत नाही, हा त्या काळचा गावचा कायदा होता. आईनं पीठ न देता गहू का दिले ते मला फार पुढं कळलं. पीठ आमच्या जात्यातलं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी उरलेल्या दोन पायल्यांतल्या थोड्या गव्हाच्या पोळ्या झाल्या आणि गूळ विरघळवून गुळवणी. करंज्या नाहीत. मी आईशी दोन दिवस बोललो नाही. पण सकाळी देवळात जाताना आईनं मला कोपरखळी मारली आणि हनुवटीनं वेशीकडं दाखवलं. वाड्यावर धूर होता.

इथंच ही गोष्ट संपली असती तर बरी गोष्ट म्हणून मी ती सांगत फिरलो असतो. पण पुढं 1973 ला पाऊस बरा झाला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात, गहू निघाल्यावर, भर दुपारी वाड्यातला गडी डोक्यावर पोतं घेऊन आमच्या वस्तीत आला. सगळी वस्ती बघत होती. त्यानं पोतं आमच्या ओट्यावर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "थोरल्या बाईंनी उसने गहू धाडलेत."

मला वाटलं, आई म्हणेल, राहू द्या, कशाला. आमच्याकडं असं म्हणायची रीत आहे. आईनं तसं काहीच म्हटलं नाही. ती गड्याला म्हणाली, "पावले म्हणावं." पोतं उचलून आत नेलं. दादांनी मोजलं तर अडीच पायल्या भरले. दादा डोकं खाजवत बसले. "आता ह्ये कुणाचं उसनं कुणी फेडलं? कागदावर मांडायचं म्हटलं तर कसं मांडायचं?" आई हसून चुलीपुढं गेली. एवढं झालं तरी विहिरीचं मात्र तसंच राहिलं. आणखी बरीच वर्षं आमच्या बाया लांबच उभ्या राहत होत्या. अडीच पायल्या गव्हानं सगळं बदलतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तेवढं खोटं बोलायची परवानगी मला आईनं दिलेली नाही.

मी 1976 ला दहावी झालो आणि शेतीला लागलो. पुढं मुळा धरणाच्या पाटाचं पाणी आमच्या शिवारात आलं. खडकाळ तुकडा विकून काळीतली जमीन घेतली, ऊस लावला, घर बांधलं. नाताळाला करंज्या परातीनं होऊ लागल्या. आणि दादांच्या जागी मी मंडळीचा पंच झालो.

ऊस म्हटला की ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डीकडून त्यांच्या गाड्या येतात. आमच्या गावाबाहेर माळावर त्यांच्या कोप्या पडतात, बांबू वाकवून वर चटया टाकलेल्या. नवराबायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात, दोन माणसं मिळून एक हत्यार. मुकादमाकडून उन्हाळ्यातच उचल घेतलेली असते, ती सगळा हंगाम राबून फेडायची. पहाटे तीन-चारला बाया उठतात, भाकऱ्या थापतात, आणि अंधारातच फडात. लेकरू उसाच्या सरीत पाचटावर झोपलेलं. नाताळ येतो तो ऐन त्यांच्या कामात.

पंधराएक वर्षांमागची गोष्ट. आमच्या मंडळीच्या तरुणांनी ठरवलं, यंदा नाताळाला कोप्यांवर ब्लँकेटं वाटायची. मी पंच, मला कल्पना फार आवडली. वर्गणी जमली, माझीच सगळ्यांत जास्त. चाळीस ब्लँकेटं आणली. पोरांनी फ्लेक्स छापला. वर येशूचं चित्र, खाली देणगीदारांची नावं. माझं नाव पहिलं, फोटोसकट. चोवीसला संध्याकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आम्ही माळावर गेलो. टोळ्या नुकत्या फडातून आलेल्या, बाया चुली पेटवत होत्या. आम्ही मुकादमाला सांगून सगळ्यांना रांगेत उभं केलं. फोटोवाला पोरगा पुढं. ब्लँकेट द्यायचं, दोघांनी धरून उभं राहायचं, फोटो, मग पुढचा.

एका बाईच्या वेळी फोटो हलला. पोरगा म्हणाला, "मावशी, परत एकदा धरा. इकडं बघा." तिनं पदर ओढून तोंड झाकलं. तो म्हणाला, "पदर काढा ना जरा." ती माझ्याकडं वळली. ब्लँकेटचं एक टोक माझ्या हातात, एक तिच्या. फ्लेक्सकडं हनुवटी करून ती म्हणाली, "दादा, वाचता येत न्हाई म्हणून इचारते. त्याच्यावर आमचीबी नावं हायती का?"

मी म्हणालो, नाही, देणाऱ्यांची आहेत. ती म्हणाली, "मग फोटुबी देणाऱ्यांचाच काढा की."

पोरं हसली. मीही हसलो. फोटो तसाच काढला, तोंड झाकलेला.

रात्री फेरी आटपून घरी आलो. आई तेव्हा पंच्याहत्तरीची, डोळ्याला जरा कमी दिसायचं. नातवानं तिला मोबाइलवर फोटो दाखवले. एकेक बघत ती त्या फोटोवर थांबली. "ह्या बाईनं तोंड का झाकलंय?" मी म्हणालो, लाजली असेल. आई काही बोलली नाही. मोबाइल नातवाकडं दिला. अंथरुणावर आडवी झाल्यावर, मला वाटलं झोपली, तर अंधारातून म्हणाली, "मी तुझ्या हातात कंदीलसुदीक दिला नव्हता."

त्या रात्री मला कोट आठवला. तपकिरी, लांब बाह्यांचा. बारा वर्षांचं पोर वर्गात उभं होतं आणि सगळे हसत होते, त्यातलं हसणारं एक तोंड आता माझं होतं. पंचवीस तारखेच्या उपासनेत माझं लक्ष लागलं नाही. पाळकसाहेबांनी ब्लँकेटांबद्दल माझं नाव घेऊन आभार मानले तेव्हा मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

आठवडाभरानं मी एकटाच कोप्यांवर गेलो. ती बाई फडात होती. मुकादम शेकोटीला बसला होता. त्याला विचारलं, "खरं सांग, ब्लँकेटं उपयोगी पडली का?" तो आधी हो हो म्हणाला. मग चहा झाल्यावर मोकळा झाला. म्हणाला, "दादा, वाकळा आमच्याकडं हायेत. बायांनी घरी शिवलेल्या, तुमच्या ब्लँकेटापेक्षा ऊबदार. आमची अडचण निराळी हाय. फडातनं यायला सात-आठ वाजत्यात, तवर तुमच्या गावची पिठाची गिरण बंद. दुकानातलं पीठ महाग पडतं. दुसरं, पाणी. टँकर आला तर आला. आन तिसरं, बारकी पोरं. फडात नेली तर सापाकिरड्वाची भीती, कोपीत ठेवली तर चुलीची."

गिरणी माझ्या चुलतभावाची. म्हणजे एवढी वर्षं ही माणसं माझ्या उसाची तोड करत होती आणि माझ्याच भावाच्या गिरणीचं दार त्यांना बंद होतं, आणि मी चाळीस ब्लँकेटं घेऊन गेलो होतो. भावाशी बोललो. तो कुरकुरला, लाइटबिल कोण भरणार म्हणाला. आठवड्यातून दोन रात्री दहापर्यंत गिरणी चालू ठेवायची, तेवढे दोन महिने, असं ठरलं. दळणाचे पैसे ते देणारच होते, फुकट कुणी मागितलंच नव्हतं. बोअरची एक तोटी बांधावर काढून दिली. पोरांचं मात्र माझ्याच्यानं काही झालं नसतं, ते माझ्या बायकोनं केलं. दिवसा चार-पाच लेकरं आमच्या अंगणात राहू लागली. तिनं कुणाला विचारलं नाही, मलासुद्धा नाही. संध्याकाळी घरी आलो की एखादं शेंबडं पोर माझ्या खाटेवर झोपलेलं असायचं.

पुढच्या नाताळाला आईनं स्वतःच विषय काढला. "ह्या वक्ताला त्यांना जेवाया बोलीव. आपल्या ओट्यावर. आपल्या पंक्तीला." मी मुकादमाकडं गेलो तर त्यानं हात जोडले. पंचवीसला कसं जमणार? त्यांना सुट्टी नसते, खाडा झाला की पैसे कापतात, कारखान्याला ऊस गेलाच पाहिजे. आमची मंडळी म्हणाली, मग राहू द्या, सण तर पंचवीसचाच. आई म्हणाली, "मेंढपाळसुदीक राती कामावरच व्हते. त्यांच्या सवडीनं सांगावा आला ना?" अठ्ठावीसला साफसफाईसाठी कारखान्याचं गाळप थांबणार असल्याचं कळलं. तेव्हा आमच्या घरचा नाताळ त्या साली अठ्ठावीस तारखेला झाला. पाळकसाहेब आले, ताट वाढायला उभे राहिले. फोटोवाल्या पोराला मी मोबाइल आत कपाटात ठेवायला सांगितला. तो बिचारा पाणी वाढत होता.

पन्नासेक माणसं जेवली. आमच्या घरची माणसं वेगळी बसली नाहीत, त्यांच्या मधेमधे बसली. ती बाईही आली होती. त्या साली तिच्या कडेवर तान्हं होतं. आईनं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. दोघी काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. एकदा मात्र दोघी माझ्याकडं बघून खूप हसल्या. जाताना सगळ्यांना करंज्यांचे डबे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा टोळ्या कधीच फडात गेल्या होत्या. दार उघडलं तर ओट्यावर डबे रचून ठेवलेले. घासूनपुसून लख्ख, पालथे घातलेले. आणि अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लावून, वाढ्याचा मोठा ढीग. ऊस तोडला की शेंड्याचं वाढं तोडणाऱ्याचं असतं. ते विकून त्यांचा मीठमिरचीचा खर्च भागतो, सगळ्या हंगामात रोख पैसा हाताला लागतो तो तेवढाच. मोजलं नाही, पण चाळीसएक पेंढ्या असतील. बाजारभावानं त्याचे किती होतात ते शेतकऱ्याला न मोजताही कळतं.

मला कसंतरी झालं. म्हणालो, "आत्ताच फडावर जातो आणि पैसे देऊन येतो. ह्यांच्याकडून कसं घ्यायचं?" पाकिटाला हात घातला. आई ओट्यावर उन्हाला बसली होती.

"बस खाली," ती म्हणाली. "मी गहू घेतले व्हते का न्हवते?"

मी पाकीट ठेवलं. मग एक पेंढी सोडली, विळीवर वाढं कापलं आणि गोठ्यात गेलो. ती जुनी लाकडी गव्हाण पंचवीसपासून देवळातच होती. नातवाला हाक मारली आणि दोघांनी जाऊन ती उचलून आणली. तिच्यातलं मऊ गवत झटकलं, वाढं टाकलं. गाय आधी हुंगत राहिली, मग खाऊ लागली.